कमी पडलं तर आधी कोण थांबणार? नगर ते साक्री, पाच दिवसांचा प्रवास

मी एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मे महिन्यात मोजक्या माणसांवर काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा एका साध्या रबरी सीलसाठी आमची एक अख्खी लाइन अकरा दिवस उभी राहिली. पुरवठादाराच्या गावात टाळेबंदी होती आणि आमच्या नोंदीत शिल्लक शून्य होती. नंतर एकेका विभागाची कपाटं उघडली, तर तिघांकडे मिळून चाळीस सील निघाले. प्रत्येकाने आपल्यापुरते बाजूला काढून ठेवले होते. माल होता, पण तो कुणाचा आणि कमी पडला तर आधी कुणाला द्यायचा, हे कधी ठरलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. ज्या गावांना दर दोन-चार वर्षांनी टंचाई बघावी लागते, ती काय करतात? पुस्तकातून नको, जाऊन बघू असं ठरवलं. भूगोल शिकवणारा एक जुना मित्र सोबत यायला तयार झाला आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिला दिवस : हिवरे बाजार

रात्रीच्या एसटीने अहिल्यानगरला पोचलो. नाव २०२४ मध्ये बदललं, पण स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो. तिथून भाड्याची गाडी घेऊन कल्याण रस्त्याने हिवरे बाजार. सकाळी सातला गार वारा होता आणि गावात शिरण्याआधीच डोंगराचा उतार दिसला. एकावर एक, सारख्या उंचीवर खोदलेले चर आणि मधे दाट गवत.

हा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. मित्राने वाटेत गाडी थांबवून रस्त्याकडेच्या कापलेल्या टेकाडातला काळा खडक दाखवला. दख्खनचा बेसॉल्ट. वाळू धरते तसं पाणी तो पोटात धरत नाही, पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. म्हणून इथे जमिनीखालचा साठा छोटा, पावसाळ्यात भरतो आणि उपसा जास्त झाला की एका हंगामात संपतो. पण साठा छोटा असल्याचा एक फायदाही आहे. विहिरीत डोकावलं की शिल्लक डोळ्यांना दिसते.

१९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेलं होतं, कामासाठी माणसं बाहेर पडत होती. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर श्रमदान, पाणलोटाची कामं आणि नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजना, हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बंधारे आणि चर फोटोत छान येतात, पण मला बघायचा होता पाण्याचा ताळेबंद.

ग्रामपंचायतीजवळ भेटलेल्या एका शेतकऱ्याने तो उलगडून सांगितला. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, ठरावीक विहिरींची पातळी कुठे आहे, हे मोजतात. मग ग्रामसभेत मांडणी. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग उरलं त्यात रब्बीला काय आणि किती क्षेत्रावर. पाऊस कमी झाला तर कोणतं पीक घ्यायचं नाही, तेही तिथेच ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत. गावाबाहेरच्याला जमीन विकायची नाही. सोबत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी.

मी त्यांना सरळच विचारलं, "ऊस लावावासा वाटत नाही का?"

"वाटतो की. पैसा कुणाला नको?" ते म्हणाले. "पण माझी विहीर वरच्या अंगाला. मी ऊस लावला तर खालची विहीर जानेवारीतच बसती. ती माझ्या मामाची हाय."

बोअरबंदीमागचं कारणही त्यांनी असंच घरगुती शब्दांत सांगितलं. उघड्या विहिरीचा तळ दिसतो, म्हणून माणूस हात आखडता घेतो. बोअरचा तळ कुणालाच दिसत नाही. मला आमची कुलूपबंद कपाटं आठवली.

दुपारी एका घरी जेवलो. नव्या बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याचा ठेचा आणि घरच्या म्हशीचं दही. कुरणातलं गवत कापून न्यायला परवानगी आहे, जनावर मोकळं सोडायला नाही. दूध वाढलं ते त्यातून, असं घरच्या काकू सांगत होत्या. आग्रहाने तिसरी भाकरी वाढल्यावर मित्राने हात जोडले.

जाणाऱ्यांसाठी : इथे राज्यभरातून सहली, शिबिरं, अधिकाऱ्यांचे दौरे येत असतात. ग्रामपंचायतीला आधी फोन करून जा, म्हणजे माहिती सांगणारं माणूस मिळतं. उन्हाच्या आत टेकडी चढा. आणि शक्य असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जा, कारण त्या दिवसांत पाण्याचा हिशेब लोकांच्या तोंडी असतो.

दुसरा दिवस : कोंभाळणे

संगमनेरमार्गे अकोले. मुक्कामाचं ठिकाण यथातथाच होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी कोंभाळण्याकडे निघालो तेव्हा भातकापणी जोरात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आडवा पडलेला भात, खळ्यावर झोडणीचा आवाज, आणि कुंपणांवर वालाच्या वेलांना जांभळी-पांढरी फुलं.

राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. महादेव कोळी समाजातल्या, शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जपायला घेतलं. ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाली, आजूबाजूच्या बायका जोडल्या गेल्या आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. २०२० ची पद्मश्री त्यांनाही मिळाली. आम्ही गेलो त्या दिवशी त्या बाहेरगावी होत्या. बियाणं दाखवलं ते गटातल्या एका मावशींनी, आणि त्यांनी आम्हाला जवळजवळ तीन तास दिले.

खोलीत शिरल्यावर आधी वास येतो, राखेचा आणि कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा. मडक्यांत, डब्यांत, बाटल्यांत बी. वालाचेच कितीतरी प्रकार : काळा, तांबडा, पांढरा, ठिपक्यांचा, चपटा, गोल. काळभात, जिरवेल अशी भाताची नावं मावशी घरातली माणसं ओळखीची करून द्यावीत तशी सांगत होत्या. मक्याची कणसं आढ्याला टांगलेली. चुलीचा धूर लागला की कीड येत नाही.

"हे सगळं इथेच ठेवता?" मी विचारलं.

"इथंच कशाला? इथलं चार घरांत बी हाय. एकीचं घर गळलं, एकीकडं उंदीर लागलं, तर दुसरीकडं ऱ्हातं."

बी दिलं जातं ते विश्वासावर, आणि हंगामानंतर दुप्पट परत करायचं. त्यातलं थोडं पुन्हा साठ्यात, बाकी पुढच्या माणसाला. त्यामुळे देण्याने साठा कमी होत नाही, पसरतो. बाजारातून आणलेल्या संकरित बियाण्याचं तसं नाही. त्याच्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही, गुण फुटतात, म्हणून दरवर्षी दुकानात जावं लागतं. ज्या वर्षी दुकान बंद किंवा हातात पैसा नाही, त्या वर्षी पेरणी अडते. मावशी संकरित बियाण्याला वाईट म्हणत नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या शेतात एक तुकडा संकरित भाताचा होता. "त्यो बाजारासाठी. ह्यो आपल्यासाठी," एवढंच म्हणाल्या.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका जुन्या डब्याने. त्यांनी तो उघडला, दाणे तळहातावर घेतले आणि बाजूला ठेवले. औंदा पेरायलाच हवेत, नाहीतर उगवायचे नाहीत. बियाण्याची उगवण वर्षागणिक घटते, म्हणून जपायचं असेल तर ते मधूनमधून मातीत घालावंच लागतं. आमच्याकडे 'आधी आलेला माल आधी बाहेर' असा नियम भिंतीवर लावलेला आहे. तरी मागच्या रांगेतल्या खोक्यांवर धूळ साचते आणि गरज पडते तेव्हा रबर कडक झालेलं निघतं. राखीव साठ्यालाही वापरात फिरवत ठेवावं लागतं, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ कळलं नव्हतं.

जेवायला नवा भात, वालाची उसळ, नागलीची (नाचणीची) भाकरी. तो भात शिजताना आलेला वास मी घरी येऊन बायकोला सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

निघताना मावशींनी कागदाच्या पुडीत बारा दाणे दिले. काळा वाल. "दुप्पट परत," असं म्हणून हसल्या, पण मस्करीत म्हणाल्या नव्हत्या. आणि बजावलं, "एका जागी पेरू नका."

जाणाऱ्यांसाठी : कापणीच्या दिवसांत जाल तर लोक शेतावर असतात, निरोप देऊनच जा. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, रस्ता आधीच विचारून घ्या. बी मागायचं असेल तर पेरायला जमीन आहे का, याचा प्रामाणिक विचार करून मागा. शोभेसाठी नेऊन बरणीत ठेवू नये.

तिसरा दिवस : ओझर आणि वाघाड

रात्री नाशिकला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं आणि पहाटे पाऊस सुरू झाला. नोव्हेंबरातला पाऊस. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागा या सुमारास नाजूक अवस्थेत असतात. आम्ही ज्यांना भेटणार होतो ते द्राक्ष बागायतदार पहाटे चारपासून ब्लोअर घेऊन फवारणीत होते. डावणी या बुरशीच्या रोगाची भीती. आम्ही पोचलो तेव्हा कपडे भिजलेले, डोळे लाल. "तुम्ही बसा, आलोच," म्हणून चहा पाठवला. अशा सकाळी आम्ही त्यांचा वेळ घ्यावा का, असं मनात आलं. पण पाऊस थांबल्यावर ते स्वतःच बोलायला लागले आणि मग दोन तास थांबले नाहीत.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. धरण झालं, कालवे झाले, पण शेवटच्या गावांना पाणी पोचत नव्हतं. वरचे भरपूर घ्यायचे, टेलला म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला चारी (शेताकडे पाणी नेणारा छोटा पाट) कोरडी. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना जोडलं, आणि १९९० च्या सुमारास या टेलच्या भागात तीन पाणी वापर संस्था निघाल्या : बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर. पुढे साऱ्या लाभक्षेत्रावर अशा संस्था झाल्या आणि त्यांची प्रकल्प पातळीवर एक संस्था झाली. राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

यातली मुख्य कलाटणी म्हणजे पाणी मोजून घेणं. आधी पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर असायची, म्हणजे कितीही पाणी घ्या, पट्टी तेवढीच. घनमापनाने घेतल्यावर संस्थेच्या नावावर ठरलेला कोटा आला. वाचलेलं पाणी आपलं राहतं, पुढच्या आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पुन्हा पाणी सुटेल तेव्हा, उपयोगी पडतं, हे दिसलं तेव्हा लोक चारी फुटली की रात्री कंदील घेऊन धावायला लागले. हे वाक्य बागायतदारांचं. शिवाय ओढ्या-नाल्यांवर छोटे बंधारे घालून त्यांनी विहिरींत पाणी मुरवलं, म्हणजे कालवा आणि विहीर एकमेकांना सांभाळतात.

"पाळी कुठून सुरू करता?"

"टेलपासून. वरच्याला पाणी दिसतं, त्याला धीर असतो. खालच्याला दिसत नाही. त्याला आधी द्यायचं."

या उत्तरासाठी मी वहीत पान बदललं. आमच्याकडे तुटवडा आला की मोठा आवाज असणाऱ्या विभागाला माल आधी जातो. शेवटच्या टोकाला काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

पण सगळं गोड नाही आणि तेही सांगायला हवं. वाटेत जिकडे तिकडे प्लास्टिक अंथरलेली शेततळी दिसत होती. पावसाचं पाणी धरायला म्हणून निघालेली ही कल्पना. पण बरीच शेततळी विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरली जातात. म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं भूजल वर काढून आपल्या कुंपणात ठेवायचं, आणि त्यातलं थोडं उन्हाने उडूनही जातं. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याचं उन्हाळ्यातलं पीक वाचतं, शेजाऱ्याची विहीर बसते. बागायतदारांनी हे नाकारलं नाही. त्यांचंही एक शेततळं आहे. लाखोंचं कर्ज अंगावर असताना मी काय करावं, असं त्यांनी मला विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस सील लपवणारी माणसंही वाईट नव्हती, घाबरलेली होती.

जाणाऱ्यांसाठी : आवर्तन सुरू असताना गेलात तर खरा कारभार दिसतो, पाणी सोडणारा पाटकरी, मोजपट्टी, नोंदवही. पाऊस पडून गेल्यावर कालव्याच्या भरावावर चढू नका, माती सरकते. आणि बागेत शिरताना मालकाला विचारा. फवारणी झालेली असू शकते.

चौथा दिवस : पांझरेचे फड

सटाणा, ताहाराबाद करत पिंपळनेर. पावसानंतरची लख्ख हवा आणि साल्हेर-मुल्हेरचे डोंगर डावीकडे. गाडीचा एक टायर ताहाराबादच्या पुढे गेला, तास मोडला, बाकी प्रवास सुखाचा.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवर पाणी वाटण्याची फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाला सांडवा, आणि खाली भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग. त्या भागाला म्हणायचं फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्यात भुसार म्हणजे धान्य, पुढच्या वर्षी फिरवाफिरव. शेतकरी पाण्याची दारं स्वतः उघडत नाही. ते काम पाटकऱ्याचं. वर लक्ष ठेवायला हवालदार, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला पिकातून. नियम पंच ठरवतात.

पाटाच्या कडेला बसून एका सत्तरी पार केलेल्या बाबांनी मला हे समजावलं. खाली चार-सहा जण पाटातला गाळ काढत होते, कारण रब्बीच्या आधी तो साफ व्हायलाच हवा आणि ज्याची जमीन तो माणूस देतो. बाबा अहिराणीत म्हणाले, "पानी नदीनं शे, पन पायी आमनी शे." पाणी नदीचं आहे, पण पाळी आमची आहे.

पाणी कमी असलं तर? तर चारही फडांना थोडं थोडं देत नाहीत. एखादा फड त्या हंगामात सोडूनच देतात आणि बाकीचे नीट भिजवतात. ऐकताना मला हे कठोर वाटलं. ज्याचा फड सुटला त्याने काय खायचं? बाबांनी काडीने मातीत चार चौकोन काढले आणि प्रत्येकात एक खडा ठेवला. जुन्या घरांच्या जमिनी एका फडात नसतात, चारींत थोड्या थोड्या असतात. फड सुटला तर सगळ्यांचाच थोडा सुटतो, सगळ्यांचाच थोडा भिजतो. ज्यांच्या हातात निर्णय, त्यांचंही शेत सुटलेल्या फडात असतं.

मी बराच वेळ त्या चार खड्यांकडे बघत राहिलो. टंचाईत काय सोडायचं याची यादी कुठल्याही कार्यालयात करता येते. पण ती ठरवणाऱ्याचाही वाटा त्यात गेला पाहिजे, अशी सोय इथे शेतांच्या वाटणीतच आहे.

आता फड कमी होत चाललेत. वर धरणं झाली, नदीचा बारमाही प्रवाह आटला, घरोघरी मोटारी आल्या. विहिरीचं पाणी असलेल्याला पाळीची गरज उरत नाही, मग तो गाळ काढायला येत नाही. वाटण्यांमध्ये जमिनीचे तुकडेही पडले, काहींचं सगळं शेत आता एकाच फडात आलंय. बाबांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण खाली काम करणाऱ्यांत तरुण एकच होता आणि ते त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

रात्री पिंपळनेरला वांग्याचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. खानदेशात हिवाळ्यात जाऊन भरीत न खाता परतू नका. राहण्याची सोय साधी आहे, उशीर होणार असेल तर साक्री किंवा धुळ्याला मुक्काम धरा.

पाचवा दिवस : बारीपाडा

पिंपळनेरहून डोंगराकडे वळलं की उसाचे पट्टे संपतात आणि साग, मोह, बांबू सुरू होतात. बारीपाडा हे कोकणा समाजाचं छोटं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथला डोंगर उघडा पडला होता. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. झाड तोडलं तर दंड, तोडणाऱ्याची खबर दिली तर बक्षीस, असे नियम गावाने स्वतः केले. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

आम्हाला जंगलात नेलं ते गावातल्या एका तरुणाने. तो चालता चालता डावी-उजवीकडे बोट दाखवत होता. याचा पाला खातात, याचा कंद, याची फुलं, हे तापावर. इथे दरवर्षी वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, २००४ पासून. बायका शंभराच्या वर भाज्या आणतात असं तो सांगत होता. मला स्पर्धेपेक्षा त्यामागची जाण मोलाची वाटली. कोणता कंद किती शिजवला म्हणजे खाजत नाही, कोणता पाला कोवळाच घ्यायचा, हे दरवर्षी कुणी रांधलं नाही तर एका पिढीत विसरलं जाईल. कोंभाळण्याच्या डब्यातल्या बियांसारखंच.

ओढ्याला नोव्हेंबरातही पाणी होतं. बंधाऱ्यावर बसून त्याने डबा उघडला : नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. त्याच्या घरी इंद्रायणी तांदूळ पिकतो, उसाचा गूळ होतो. बाजार बंद पडला तर किती दिवस निघतील, असं मी विचारलं. टाळेबंदीत काय केलंत? तो थोडा गोंधळला. मीठ आणि तेल संपलं होतं, म्हणाला. बाकी रोजच्यासारखंच होतं.

जाणाऱ्यांसाठी : गावाला न विचारता जंगलात जाऊ नका, सोबत गावातला माणूस घ्याच. प्लास्टिक परत आणा. स्पर्धा बघायची असेल तर तारीख आधी विचारून जा. पावसाळ्यात रस्ता निसरडा असतो हे धरून चला.

परतल्यावर

कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तीन विभागप्रमुखांना स्टोअरमध्ये बोलावलं आणि चार चौकोन काढले. माल आला नाही तर कोणती लाइन आधी थांबवायची, ते आत्ता, माल असतानाच लिहून ठेवू असं सुचवलं. एक जण रागावून गेला. दोघं बसले. यादी अजून अर्धी आहे.

बारा दाण्यांपैकी सहा मी धाकट्या बहिणीकडे दिले, तिच्या परसात कुंपण आहे. सहा मित्राने त्याच्या शाळेमागच्या वाफ्यात लावले. काल बहिणीचा फोन आला, तिच्याकडे पाच उगवलेत. शाळेतले दोन पाखरांनी उकरले, चार उभे आहेत. देणं चोवीस दाण्यांचं आहे, पहिल्या शेंगा भाजीला तोडायच्या नाहीत असं दोघांनाही सांगून ठेवलंय.